मी न लावलेला दिवा

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसतो. आमच्या घरात अंगारा, ताईत, दृष्ट काढणं यातलं काहीच नव्हतं. वडील महाडला शाळेत गणित शिकवायचे. एखादी गोष्ट का झाली ते कळत नसेल तर "अजून कळलेलं नाही" एवढंच म्हणावं, पुढचं आपल्या पदरचं जोडू नये, असं ते सांगत. मीही तसाच वाढलो. आज सत्तरी उलटली तरी तसाच आहे... फक्त एका संध्याकाळचं काय करायचं ते मला उमगत नाही. शिवाय त्या संध्याकाळबद्दल मी खोटं बोललोय. सही करून. ते एकदा लिहून टाकावं म्हणून हा खटाटोप.

गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या दोन-चार वर्षांतली. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. मुंबईहून महाड-पोलादपूरकडे यायचं तर पुष्कळ माणसं आगबोटीने बाणकोटला उतरत आणि तिथून लाँचने सावित्रीच्या खाडीतून वर दासगावकडे येत. खाडीचा सगळा कारभार भरती-ओहोटीवर. भरती चढली की लाँच वर येणार. ओहोट लागली की लाकूड, कौलं, भात भरलेले मचवे खाली जाणार.

दासगावच्या धक्क्याच्या थोडं खाली खाडीला एक अडचणीचं वळण होतं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला वाळूचा दांडा, आणि मधे एका वेळी एकच होडी जाईल एवढंच खोल पाणी. दोघं समोरासमोर आले की संपलं. म्हणून वळणावरच्या टेपाडावर लाकडी मनोरा उभा केला होता, वर पत्र्याची खोली. दिवसा निशाण, अंधार पडला की दिवा. पांढरा दिवा म्हणजे खालच्या लाँचने यावं, तांबडा म्हणजे जिथे असाल तिथे थांबावं. दिवा एकच, आणि त्याच्यापुढे सरकवायची तांबडी काच. ही काच सरकवायची माझी नोकरी. मी मॅट्रिक होऊन नुकताच लागलो होतो. हाताखाली धोंडू नावाचा एक म्हातारा खलाशी होता.

दिवा विजेचा होता. आजच्या वाचकांना यात काही वाटणार नाही, पण तेव्हा आमच्याकडे वीज म्हणजे नवलच. टेपाडाखाली एका शेटची भाताची गिरणी होती. तिच्या तेलाच्या इंजिनावर शेटने डायनमो बसवला होता आणि तिथून एक तार मनोऱ्यावर आणली होती. इंजिनाच्या चाकावरून चामड्याचा पट्टा डायनमोवर जायचा. पट्टा फिरला की माझा दिवा पेटायचा, एवढं साधं.

इंजिन सांभाळायचा शिवराम मिस्त्री. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याच्या वाडीतला. मुंबईत कापडाच्या गिरणीत काम शिकून परत आला होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, लग्न झालेलं नाही, बोलायला फार गमतीदार. दुपारी माझ्याकडे चहाला वर यायचा आणि दिव्याकडे बघत बसायचा. "भाऊ, काच तुमची, पण उजेड माझा हाय," असं म्हणायचा.

फाल्गुनातली अष्टमी होती. शिमगा आठवड्यावर आलेला. त्या दिवसांत आमच्याकडे शेतकरी राब भाजतात. म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जमिनीवर पालापाचोळा, कवळ, शेण पसरून पेटवतात. दिवसभर डोंगरउतारांवर धूर चाललेला असतो आणि संध्याकाळी वारा मंदावला की तो सगळा खाली उतरून खाडीवर बसतो. कधीकधी पलीकडचा काठ दिसत नाही.

चारच्या सुमाराला शिवराम वर आला. चहाला नाही, तर काम घेऊन.

"भाऊ, पट्टा उसवलाय. सांध्याजवळ शिवण निघालीय. इंजन बंद ठेवतो आनी शिवून घेतो."

"किती वेळ लागेल?"

"दोन-अडीच तास धरा. चामडं भिजवायला लागंल, वादी ओवायला लागंल."

लाँच सातच्या आसपास वळणावर येणार होती. शिमग्याची माणसं भरून येत होती, दोन दिवस बाणकोटला नुसती झुंबड उडालीय असं ऐकलं होतं. त्यात हा धूर. मी म्हटलं, "आज नको, शिवराम. जरा उशीर झाला तर माझ्याकडे दिवाच नाही. उद्या सकाळी कर. आज काही झालं तरी लाँच लागेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही."

तो शिडीपर्यंत गेला आणि मागे वळला. मग म्हणाला, "माझी आय येतेय आजच्या लाँचनं."

त्याच्या आईला मोतीबिंदू होता हे मला माहीत होतं. चार वर्षं तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं. थोरल्या मुलाने तिला मुंबईला नेऊन इस्पितळात डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं.

"दिसतं का आता?" मी विचारलं.

"दिसतंय म्हनं. चष्मा लागलाय जाड. मला आवाजावरनंच वळखते ती, आता तोंड बघंल."

"मग तर दिवा चालू पाहिजेच."

"व्हय," तो म्हणाला आणि खाली गेला. मी त्याच्याशी बोललो ते एवढंच. 'काही झालं तरी' हे शब्द माझे होते, ते मी गेल्या पन्नास वर्षांत विसरलेलो नाही.

सूर्य मावळला तसा धूर उतरला. अष्टमीचा चंद्र डोक्यावर होता, पण मळक्या कपड्यातून बघावा तसा. पावणेसातला मी दिवा लावला. थोड्या वेळाने खालून लाँचची शिटी ऐकू आली, वळणाआधीची नेहमीची. वरच्या अंगाला लाकूड भरलेला एक मोठा मचवा ओहोटीची वाट बघत बांधलेला होता, त्याला थांबायला सांगून ठेवलं होतं. मी पांढरा दिवा दाखवला. लाँचने पुन्हा एक शिटी दिली, म्हणजे दिवा दिसला, येतोय.

आणि तेवढ्यात धोंडू कठड्यावरून वाकून म्हणाला, "भाऊ, मचवा सुटलाय वाटतं."

मचवा बांधलेला होता तिथे त्याचा कंदील नव्हता. तो कंदील खाडीच्या मधोमध, वळणाच्या तोंडाशी आला होता. नंतर कळलं, त्या लोकांना माझा पांढरा दिवा त्यांच्यासाठीच आहे असं वाटलं. एवढं वजन भरलेला मचवा, पाणी फिरायला लागलेलं; तो आता मागे येणं शक्य नव्हतं. थांबवायची ती लाँच.

मी तांबड्या काचेला हात घातला आणि दिवा गेला.

हे मी शक्य तितकं नीट सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. काच सरकायच्या आधी दिवा गेला. तांबडा उजेड एक क्षणभरसुद्धा पडला नाही. खाली इंजिनाचा आवाज मात्र चालूच होता, उलट थोडा भरभर येत होता. इंजिन चालू म्हणजे वीज आहे, म्हणजे बल्बच गेला, असं माझ्या डोक्याने घेतलं. मी कोटाच्या टोकाने धरून तो गरम बल्ब होल्डरमधून काढला आणि धोंडूच्या कंदिलापुढे धरला. आतली तार शाबूत होती. मग माझ्या ध्यानात आलं. पट्टा उतरलाय. इंजिन मोकळं फिरतंय म्हणून आवाज भरभर येतोय.

मनोऱ्यावर कंदील तो एकच. तो काचेमागे ठेवावा असं आधी मनात आलं, पण त्याचा उजेड त्या धुरात टेपाडाच्या कडेपर्यंतसुद्धा जात नव्हता. मी धोंडूला म्हटलं, "कंदील घे आणि गिरणीत पळ. शिवरामला सांग पट्टा चढव, आत्ताच्या आत्ता." धोंडू कंदील घेऊन शिडीवरून उतरला.

म्हणजे मनोऱ्यावर मी एकटा, बल्ब माझ्या कोटाच्या खिशात, आणि काळोख.

मी ओरडलो. पत्र्यावर काठीने बडवलं. पण वारा होता तेवढा समुद्राकडून वर येणारा, माझा आवाज मागे जात होता. धुरात दिवा मधेच दिसेनासा होतो हे लाँच हाकणाऱ्या तांडेलांच्या सवयीचं होतं. एकदा पांढरा बघितला की ते येतच राहत. लाँचच्या इंजिनाची धडधड जवळ येत चालली होती. मचव्यावरचे लोक आपसात बोलत होते तेही ऐकू येत होतं. मी कठडा धरून उभा होतो. आता आवाज येईल, लाकूड मोडल्याचा आणि मग माणसांचा, याची वाट बघत होतो. दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

लाँचची धडधड मंदावली. मग थांबली.

पाण्यावर एकदम शांतता झाली. मचवा वळणातून खाली सरकला, त्याचा कंदील दांड्याच्या बाजूने गेला आणि धुरात दिसेनासा झाला. त्यानंतर थोड्या वेळाने लाँचने दोन शिट्या दिल्या आणि ती पुन्हा चालू होऊन वर यायला लागली. मला वाटलं, तांडेलाने मचव्याचा कंदील आपणहून बघितला असणार. मी शिडी उतरून धक्क्यावर गेलो.

लाँच लागली. साठ-पासष्ट तरी माणसं असतील, ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं. पांडू तांडेल खाली उतरला, तीस वर्षं त्या खाडीत काढलेला माणूस. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, टायमाला तांबडा दावलात. मी आत शिरलोच व्हतो. एवढ्या धुरात कसा लखलखीत दिसला."

मी विचारलं, "कोणता तांबडा?"

"तुमचा, दुसरा कंचा? मचवा जाईस्तोवर तांबडा व्हता, मंग पांढरा दिलात, तवा मी शिट्या मारून निघालो. असं काय बगताय?"

माझा हात खिशात होता. बल्ब खिशातच होता.

मी काही बोलायच्या आत लाँचमधून एका चाकरमान्याने हात धरून एका म्हातारीला उतरवलं. काटक बाई, लाल काठाचं लुगडं, नाकावर जाड काचांचा नवा चष्मा. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे अगदी जवळ जाऊन बघत होती. माझ्याही तोंडाकडे बघितलं.

"तुमी दिव्यावालं का? शिवराम कुठं हाय? त्याचा दिवा बगितला मी."

मी म्हणालो, "गिरणीत आहे, मावशी. येईल आता."

त्याच वेळी कंदील घेऊन धोंडू आला. त्याने म्हातारीला बघितलं नाही. तो सरळ माझ्यापाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, शिवराम गेला."

हलक्या आवाजात म्हणाला, पण ती तिथेच होती.

पट्टा उतरल्यावर शिवरामने तो इंजिन बंद न करता चढवायचा प्रयत्न केला होता. गळ्यातलं उपरणं पट्ट्याबरोबर चाकात गेलं. गिरणीतली बाकी माणसं संध्याकाळीच घरी गेलेली. धोंडू पोचला तेव्हा तो चाकाच्या बाजूला पडला होता आणि त्याच्यात काही उरलेलं नव्हतं. इंजिन कसं बंद करतात ते धोंडूला ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही गेलो तेव्हाही ते चालूच होतं. तो आवाज मला आजही आठवतो. आम्ही कंदील धरला आणि आई त्याच्या तोंडाशी वाकली. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, पुन्हा वाकली. रडली नाही ती. फार वेळ नुसती बघत राहिली.

पट्टा जमिनीवर पडलेला होता. डायनमो थंड होता. मी हात लावून बघितला.

चौकशी झाली. चार दिवसांनी बंदर खात्याचे एक साहेब आले. तांडेलाचा जबाब झाला, आठ-दहा उतारूंचे झाले. कोणी शिवथरकडचे, कोणी पोलादपूरचे, एकमेकांच्या ओळखीचे नाहीत. ज्यांचं लक्ष होतं त्या सगळ्यांनी तेच सांगितलं. मनोऱ्यावर तांबडा दिवा होता, मग पांढरा झाला. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वीज गेल्यावर तुम्ही लगेच कंदील काचेमागे ठेवलात आणि मचवा गेल्यावर काच काढलीत. बरोबर?"

कंदील धोंडूजवळ होता. धोंडू दाराशीच उभा होता. त्याने मान खाली घातली.

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? दुसरं काय सांगणार होतो, बल्ब माझ्या खिशात होता आणि दिवा पेटला होता? आणि मला भीतीही वाटत होती. पट्टा शिवू दिला नाही हे कोणी विचारलंच नाही, तेही मी सांगितलं नाही. कागदावर सही केली. पुढे महिन्याभरात प्रसंगावधानाबद्दल मला शाबासकीचं पत्र आलं आणि त्या पत्राच्या जोरावर मुंबईच्या बंदरात कायमची नोकरी लागली. माझा सगळा संसार त्या नोकरीवर उभा राहिला. धोंडू पावसाळ्याआधी काम सोडून गावी गेला. माझ्याशी तो त्यानंतर कामापुरतंच बोलत होता.

दिव्याचा उलगडा करायचा मी फार प्रयत्न केला. चंद्र म्हणावं तर तो डोक्यावर होता. राबाची आग म्हणावी तर टेपाडामागे त्या दिवशी कोणी भाजतच नव्हतं, मी जाऊन जमीन बघून आलो. धोंडूचा कंदील म्हणावा तर तो टेपाडाच्या उलट्या उताराने गेला, खाडीवरून दिसणंच शक्य नाही. आणि मचवा गेल्याबरोबर तांबड्याचा पांढरा कोणी केला?

वर्ष गेलं. शिमग्याला रजा घेऊन महाडला आलो तेव्हा राहवेना. पोलादपूरपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून चालत त्या वाडीवर. शिवरामची आई अंगणात वाल निवडत बसली होती. मला तिने लगेच ओळखलं.

"बसा," म्हणाली. आतून गूळ-पाणी आणून दिलं.

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "मावशी, त्या दिवशीचा दिवा मी लावला नव्हता. सगळ्यांना सांगितलं मी लावला म्हणून, पण ते खरं नाही."

ती वाल निवडत राहिली. "मला ठाव हाय," म्हणाली.

"धोंडूने सांगितलं?"

"धोंडू आलता. पन त्याच्या आदीच ठाव व्हतं." ती उठून आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड घेऊन आली. "मला वाचता येत नाय. थोरल्यानं वाचून दावलं व्हतं मुंबईला. तुमी वाचा."

अक्षर शिवरामचं होतं, गिरणीच्या पाटीवर मी ते रोज बघत असे. प्रकृती, हवापाणी, आणि मग शेवटी लिहिलं होतं: आयेस सांगणे की लाँच वळणाला लागली की टेपाडावर बघ. मी इंजिनाचा वेग कमी करून दिवा तीन वेळा बारीक करीन आणि परत मोठा करीन. म्हणजे तो मी आहे असे समज.

"केलान त्यानं," म्हातारी म्हणाली. "तांबडा व्हता तवाच. तीन येला बारीक झाला आनी मोठा झाला. मी मोजला."

मी ते दोनदा वाचलं. कार्ड तिच्या हातात परत दिलं. मग मी दुसरी गोष्ट बोलायला लागलो, पट्ट्याची. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही.

"ता बी धोंडूनं सांगितलान. इंजन बंद करायचा नाय बोललात तुमी त्याला." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "ता तुमच्याकडंच र्‍हाऊ दे, बाबा. मी काय करू त्याचा? दिवा तेवढा माझा हाय."

तिने पुन्हा सूप पुढे ओढलं. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. तिने जाताना "सांभाळून जा" म्हटलं, जसं कोणालाही म्हणतात. त्यानंतर मी त्या वाडीवर गेलो नाही. पाच-सहा वर्षांनी ती गेल्याचं कळलं.

आता राहिली एक गोष्ट. म्हातारीने दिवा बारीक-मोठा होताना बघितला, की कार्ड वाचून घेतलं होतं म्हणून तिला तसं दिसलं? तिचे डोळे नवे होते, चष्मा नवा होता, आणि मनात तेच होतं. वडील असते तर त्यांनी हाच प्रश्न आधी विचारला असता. याचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस होता, पांडू तांडेल. त्याला ना कार्डाचं ठाऊक होतं, ना शिवरामच्या बोलण्याचं. 'पांडू, तो तांबडा दिवा मधेच बारीक झाला होता का?' एवढंच विचारायचं होतं.

पांडू त्यानंतर कितीतरी वर्षं जिवंत होता. मी दर शिमग्याला त्याच्याच लाँचने गावी जायचो, त्याच्या शेजारी बसायचो. वळण आलं की आम्ही दोघंही मनोऱ्याकडे बघायचो. तो नाही म्हणाला असता तर म्हातारीचा दिवा माझ्या हातून गेला असता, आणि हो म्हणाला असता तर... त्या 'हो'चं मी काय करणार होतो, कुणास ठाऊक. मी त्याला एकदाही विचारलं नाही. आता तोही नाही.